लाखेची मोहोर : हिचकॉक यांचा 'आय कन्फेस'

रहस्यपटांचे सम्राट म्हणून ज्यांचे नाव आजही घेतले जाते त्या आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५३ साली 'आय कन्फेस' हा चित्रपट पडद्यावर आणला. एक खुनी मनुष्य धर्मगुरूपाशी पापनिवेदन करतो. पुढे त्याच खुनाचा आळ त्या धर्मगुरूवर येतो. आणि पापनिवेदनाच्या गुप्ततेने बांधलेला तो धर्मगुरू स्वतःच्या बचावासाठी अवाक्षरही काढीत नाही, असे हे कथानक आहे. हिचकॉक यांचे इतर चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. याच्या वाट्याला मात्र तितके प्रेम आले नाही. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांनी १९६२ साली हिचकॉक यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली व ती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या मुलाखतीत खुद्द हिचकॉक यांनीच या चित्रपटापुढे हात टेकलेले दिसतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू प्राण गेला तरी सांगणार नाही हे आपण कॅथलिक जाणतो. पण प्रॉटेस्टंटांना आणि निरीश्वरवाद्यांना ते खरेच वाटत नाही. मूळ कल्पनाच प्रेक्षकाला पटत नसेल तर असा चित्रपट काढायलाच नको होता.

हिचकॉक स्वतः जन्माने कॅथलिक होते आणि लंडन येथे येशूसंघीयांच्या शाळेत शिकले होते. तेव्हा त्यांचे हे मत सहजासहजी बाजूला सारता येत नाही. तरीही मला ते पटत नाही. दिलेल्या शब्दाखातर राज्य सोडणारे आणि प्रतिज्ञेखातर आयुष्य जाळणारे नायक ज्या देशाच्या पुराणकथांत पिढ्यान्‌पिढ्या वावरले आहेत, तेथील प्रेक्षकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, फादर लोगनचे मौन समजायला अडचण का यावी? ते मौन हेच या चित्रपटाचे खरे सामर्थ्य आहे आणि ते दाखविताना हिचकॉक यांनी कमालीची अचूकता राखली आहे. चित्रपट लंगडा पडतो तो अन्यत्र. त्या मौनाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न समोर उभा राहताच तो मान फिरवतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. रहस्यपटाचे रहस्य फोडणे हा एरव्ही अपराध ठरावा. पण येथे खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळते, त्यामुळे फारसे बिघडत नाही. घटनास्थळ कॅनडातील क्विबेक हे जुने, फ्रेंच वळणाचे, त्या काळी अंतर्बाह्य कॅथलिक असलेले शहर. ओटो केलर हा जर्मन निर्वासित आणि त्याची पत्नी आल्मा यांना फादर मायकल लोगन यांनी चर्चमध्ये काम व निवारा मिळवून दिला आहे. पत्नीचे कष्ट केलरला पाहवत नाहीत. पैशासाठी तो व्हिलेट नावाच्या वकिलाच्या घरी चोरी करायला जातो आणि पकडला गेल्यावर त्याचा खून करतो. अंगात धर्मगुरूचा झगा घालून तो त्या घरातून बाहेर पडतो. त्याच रात्री चर्चमध्ये येऊन फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो.

इकडे दोन शाळकरी मुली पोलिसांना सांगतात की, त्या रात्री व्हिलेटच्या घरातून एक धर्मगुरू बाहेर पडताना आम्ही पाहिला. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर लारू यांची नजर लोगनवर स्थिरावते. रूथ ग्रँडफोर्ट ही एका राजकारण्याची पत्नी. लोगन धर्मगुरू होण्यापूर्वी त्यांचे परस्परांवर प्रेम होते. युद्धावरून परतल्यावर, तिचा विवाह झाला आहे हे ठाऊक नसताना, तो तिला भेटतो. वादळात अडकून त्यांना एक रात्र एका निर्जन वाडीतल्या छत्रीखाली काढावी लागते आणि सकाळी व्हिलेट त्यांना पाहतो. पुढे लोगन धर्मगुरू झाल्यावर हाच व्हिलेट त्या रात्रीचे भांडवल करून रूथला धमकावू लागतो. म्हणजे खुनाला हवे असलेले कारणही लोगनच्या पदरी आयतेच पडले.

आता त्या मौनाकडे वळू. ख्रिस्तसभेच्या लॅटिन परिभाषेत पापनिवेदनाच्या गुप्ततेला 'सिजिल्लुम' म्हणतात. सिजिल्लुम म्हणजे पत्रावर लाख ओतून उठवलेली मोहोर. ही मोहोर धर्मगुरूच्या ओठांवर असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती त्याच्या साऱ्या वागण्यावर असते. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याची आज्ञा दिली. त्याच नियमात, शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे पापी मनुष्याचा भेद उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात प्रायश्चित्तासाठी ठेवावे असेही म्हटले. आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मविधीसंहितेतील ९८३ वे कलम ही गुप्तता अभंग असल्याचे सांगते. ९८४ वे कलम आणखी एक पाऊल पुढे जाते : गुपित फुटण्याचा यत्किंचितही धोका नसला तरी, पापनिवेदनातून मिळालेल्या माहितीचा वापर निवेदकाला अपाय होईल अशा रीतीने धर्मगुरूने करता कामा नये. प्रत्यक्ष भंग करणारा धर्मगुरू त्या क्षणीच बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठविण्याचा अधिकार केवळ रोमच्या धर्मपीठाकडे असतो. ही शिक्षा पूर्वी १३८८ व्या कलमात होती. २०२१ च्या सुधारणेनंतर ती १३८६ व्या कलमात आली आहे.

लोक कधीकधी सहज विचारतात, "फादर, इतक्या लोकांची पापे तुमच्या लक्षात राहतात तरी कशी?" या प्रश्नाचे उत्तर देतानासुद्धा आम्हांला जपून बोलावे लागते, यावरून या मोहोरेची व्याप्ती लक्षात यावी.

ही व्याप्ती हिचकॉक यांनी किती बारकाईने जाणली आहे हे पाहण्यासाठी खुनाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहावी. व्हिलेटला भेटून त्याचे मन वळवीन असे लोगनने आदल्या रात्री रूथला सांगितलेले आहे. त्यानंतर पापनिवेदनात त्याला कळते की व्हिलेट आता जिवंत नाही. तरीही सकाळी तो व्हिलेटच्या घरी जातो. सामान्य प्रेक्षकाला हे विचित्र वाटते आणि इन्स्पेक्टर लारू यांना तर संशयास्पदच. पण पाहिले तर लोगनला दुसरा मार्गच नव्हता. पापनिवेदन झालेच नसते तर तो जसा वागला असता तसेच त्याने वागणे आवश्यक होते. तो गेला नसता तर 'गेला का नाही?' या प्रश्नातूनच गुपिताचा धागा बाहेर डोकावला असता. खुनाची वार्ता त्याला रीतसर, इतरांसारखी, बाहेरून कळावी लागते. त्यानंतरच तो ती रूथला सांगू शकतो. नेमके त्या दोघांचे ते रस्त्यावरचे बोलणे लारू खिडकीतून पाहतात. मोहोर पाळण्यासाठी टाकलेले पाऊलच त्याच्या गळ्यातला फास होते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही असल्या काल्पनिक पेचप्रसंगांवर तासन्‌तास वाद घातले; परंतु इतके सोपे आणि इतके भयंकर उदाहरण आमच्या पुस्तकांत नव्हते.

न्याहारीचा प्रसंगही असाच आहे. धर्मगुरू टेबलाशी बसून आपसांत साधेसुधे बोलत आहेत आणि आल्मा कॉफी देत त्यांच्या पाठीमागून फिरते आहे. तिचे डोळे लोगनवर खिळले आहेत. याला ठाऊक आहे का? हा काय करील? संवाद एकीकडे, डोळे दुसरीकडे. लोगन मात्र तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहूसुद्धा शकत नाही. मॉन्टगोमेरी क्लिफ्ट या नटाने ही भूमिका जवळजवळ चेहऱ्याची रेष न हलवता केली आहे. काही समीक्षकांना तो अभिनय निर्जीव वाटला. ज्याला आपल्या चेहऱ्यावरही मोहोर लावावी लागते त्याने दुसरे काय करायचे होते? उलट क्लिफ्टच्या डोळ्यांत जे साचत जाते ते पाहताना मला वारंवार अस्वस्थ व्हायला झाले.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. लोगन पोलिसांना एवढेही सांगत नाही की, 'मला पापनिवेदनात काही कळले आहे, म्हणून मी बोलू शकत नाही.' अनेकांना वाटते की एवढे सांगायला काय हरकत होती. नाव तर घ्यायचे नव्हते. परंतु त्या रात्री त्याच्याकडे कोण आले होते याचा शोध घेणे लारू यांच्यासारख्या चतुर अधिकाऱ्याला मुळीच अवघड गेले नसते. अप्रत्यक्ष भंग म्हणतात तो हाच. म्हणून लोगनचे उत्तर एकच : मी सांगू शकत नाही. निर्दोष माणसाच्या तोंडी हे उत्तर अपराध्याच्या उत्तरासारखेच ऐकू येते.

खटल्याच्या वेळी तर पेच आणखी घट्ट होतो. केलर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून लोगनवर धडधडीत खोटे आरोप करतो. रक्ताने माखलेला झगा लोगनच्या पेटीत सापडलेला असतो. येथे एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनात यायला हवा. केलरने पापनिवेदन केले ते खुनाचे. निष्पाप माणसाला अडकविण्याचे आणि खोट्या साक्षीचे पाप त्याने नंतर केले. त्याचे निवेदन केलेलेच नाही. मग ते पाप तरी लोगनला उघड करता येईल ना? 'ही साक्ष असत्य आहे' एवढे तो म्हणू शकतो. परंतु सत्य काय हे सांगायला गेले की पापनिवेदनाचे दार उघडलेच. केलरने आपले दुसरे पाप पहिल्या पापाच्या आश्रयाने केले आहे. पवित्र संस्काराचा असा ढाल म्हणून उपयोग करणे यापरते अध:पतन कोणते?

रूथच्या भूमिकेकडे मात्र पुष्कळ समीक्षकांनी केवळ प्रेमकथेचे ठिगळ म्हणून पाहिले. अ‍ॅन बॅक्स्टरचा अभिनय थोडा नाटकी आहे आणि पूर्वस्मृतीचा भाग गोडगुलाबी झाला आहे, हे मान्य. पण चित्रपटाचे नाव 'मी कबुली देतो' असे आहे आणि कबुली तर जवळजवळ सगळेच देतात. रूथ लोगनला वाचविण्यासाठी, स्वतःच्या पतीसमक्ष, पोलिसांपुढे आपल्या भूतकाळाची संपूर्ण कबुली देते. खून झाला त्या वेळी लोगन माझ्याबरोबर होता हे तिला सिद्ध करायचे असते. ते दोघे नऊ ते अकरा एकत्र होते. आणि शवचिकित्सेवरून मृत्यू साडेअकराला झाल्याचे निघते. तिच्या कबुलीने लोगनचा बचाव होत नाही. उलट सरकार पक्षाला हवा असलेला हेतू हाती लागतो. सत्य, संपूर्ण सत्य, सद्हेतूने, योग्य अधिकाऱ्यापुढे सांगितले आणि त्यातून अनर्थ झाला. चार भिंतींत, जाळीआड सांगितलेले पाप आणि टेबलावर, कागदपेन्सिल घेऊन बसलेल्या माणसांपुढे सांगितलेले पाप यांतला भेद हिचकॉक यांनी एका शब्दाचेही प्रवचन न करता दाखविला आहे. पहिल्या ठिकाणी ऐकणारा क्षमा करण्यासाठी बसलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी पुरावा गोळा करण्यासाठी. लारू हे दुष्ट नव्हेत. कार्ल माल्डनने त्यांना चांगला, कर्तव्यदक्ष माणूस म्हणूनच रंगविले आहे. त्यांचे कामच वेगळे आहे.

अटक होण्यापूर्वी लोगन एकटाच शहरभर भटकतो तो भाग या चित्रपटाचा मुकुटमणी म्हणावा लागेल. दुकानाच्या काचेआड पुतळ्याच्या अंगावर एक साधा प्रापंचिक कोट टांगलेला दिसतो. त्याच्याकडे तो क्षणभर पाहतो. झगा उतरवून तो कोट चढविला की सुटका! मग उंचावरून घेतलेले ते दृश्य येते : समोर काळ्या आकृतींत क्रूस वाहणारा ख्रिस्त आणि रोमन सैनिक यांचे शिल्प आणि खाली, दूरवर, मुंगीएवढा चालणारा लोगन. असे प्रतीक दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या हाती बटबटीत झाले असते. येथे ते खुपत नाही, कारण क्विबेकमध्ये असे पुतळे रस्तोरस्ती खरेच उभे असतात, जसे आपल्याकडे वसईच्या वाटांवर क्रूस उभे आहेत. कॅमेऱ्याने ते निर्माण केले नाही, केवळ पाहिले.

येथवर चित्रपटाची स्तुती केली. आता माझ्या तक्रारीकडे येतो.

या चित्रपटाचे मूळ १९०२ सालच्या पॉल आन्तेल्म यांच्या फ्रेंच नाटकात आहे. पटकथेच्या आरंभीच्या आराखड्यांत धर्मगुरूला फाशी होते आणि त्याचे निर्दोषत्व मरणोत्तर सिद्ध होते. चित्रपटसंस्थेला हा शेवट मानवला नाही व तो बदलला गेला. पडद्यावर आपण पाहतो ते असे : पुराव्याअभावी ज्यूरी लोगनला सोडते, परंतु न्यायाधीश आपली नापसंती बोलून दाखवितात आणि बाहेर जमाव त्याची हुर्यो उडवितो. ते आल्माला असह्य होते. ती लोगनकडे धावते, सत्य सांगू पाहते आणि केलर स्वतःच्या पत्नीला गोळी घालतो. ती क्षमा मागत प्राण सोडते. केलर शातो फ्रोंतेनाक या भव्य हॉटेलात पळतो, तेथे एका आचाऱ्यालाही गोळी घालतो आणि अखेर रंगमंच असलेल्या एका दालनात कोंडला जातो.

लोगनला फाशी झाली असती तर मौनाची संपूर्ण किंमत मौन पाळणाऱ्याने मोजली असती. बदललेल्या कथेत त्याचा प्राण वाचतो आणि किंमत मोजतात ती दोन माणसे : एक पश्चात्तापदग्ध स्त्री आणि एक आचारी, ज्याचे नावही आपल्याला कळत नाही. लोगन पहिल्याच दिवशी बोलला असता तर ही दोघे जगली असती. चित्रपटाला या गोष्टीची जाणीव आहे काय? आल्मासाठी निदान काही क्षण कॅमेरा थांबतो. आचाऱ्यासाठी तर तेवढाही नाही. पाठलाग पुढे चालू राहतो. लोगनच्या चेहऱ्यावर या मृत्यूंचे ओझे दिसावे अशी माझी अपेक्षा होती. प्रॉटेस्टंट आणि निरीश्वरवादी प्रेक्षक जर कशाने अडखळत असतील तर ते येथे अडखळले असावेत असा माझा तर्क आहे. धर्मगुरू स्वतः मरायला तयार आहे हे कोणालाही समजते. दुसरा मेला तरी तो बोलणार नाही, हे समजणे अवघड आहे आणि ते अवघडच असले पाहिजे. हिचकॉक यांनी तो अवघड प्रश्न पिस्तुलाच्या आवाजात बुडवून टाकला.

आपल्या परंपरेतही आम्ही बहुधा सोपी उदाहरणे सांगतो. प्राग शहरी १३९३ साली व्हल्टावा नदीत बुडवून मारलेले संत जॉन नेपोमुक यांनी राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास नकार दिला, अशी कथा आहे. इतिहासकार त्यांच्या मृत्यूमागे राजा आणि आर्चबिशप यांच्यातील मठाधिपतीच्या नेमणुकीचा वाद दाखवितात. परंतु शतकानुशतके लोकांनी त्यांना मोहोरेचा हुतात्मा म्हणूनच पूजिले. १९२७ साली मेक्सिकोत फादर मातेओ कोर्रेआ यांना, मृत्यूच्या दारी असलेल्या कैद्यांची पापनिवेदने सांगण्यास नकार दिला म्हणून गोळी घालण्यात आली. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले. दोन्ही ठिकाणी मरतो तो धर्मगुरू. गुपित राखल्याने तिसऱ्याच कोणाचे नुकसान होत असेल तर काय, हे या कथा विचारीत नाहीत.

आज मात्र जग हाच प्रश्न विचारीत आहे आणि आपण कानांवर हात ठेवू शकत नाही. बालकांच्या लैंगिक छळाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राजनियुक्त आयोगाने २०१७ मध्ये शिफारस केली की, अशा गुन्ह्याची माहिती पापनिवेदनात मिळाली असली तरी ती कळविण्यातून धर्मगुरूला सूट नसावी. त्यानंतर व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड अशा तेथील राज्यांनी तसे कायदेही केले. आपल्या देशात २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा अशी माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याची जबाबदारी टाकतो आणि त्यात धर्मगुरूचा अपवाद नमूद नाही. ज्या पापांबद्दल हे कायदे झाले त्यांत धर्मगुरूंचीही पापे आहेत, ही गोष्ट लपवून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या मुलांवर अत्याचार झाले त्या आईबापांपुढे उभे राहून 'मोहोर, मोहोर' म्हणताना कोणाही धर्मगुरूचा आवाज कापायला हवा.

तरीही मी मोहोरेच्या बाजूनेच उभा आहे आणि त्याचे कारण चित्रपटातच सापडते. केलर त्या रात्री चर्चमध्ये का आला? मोहोर आहे म्हणून आला. तो भ्यालेला होता, हादरलेला होता, त्याला कोणाला तरी सांगायचेच होते. जे सांगितल्यास पोलिसांकडे जाईल असे ठाऊक असते ते कोणी सांगत नाही. मोहोर काढून टाकली तर अशा माणसाशी देवाच्या नावाने चार शब्द बोलण्याची, 'थांब, वळ' असे म्हणण्याची, त्याला स्वतःहून न्यायासनापुढे जाण्यास प्रवृत्त करण्याची जी एकमेव संधी उरते, तीही जाईल. शिवाय ही मोहोर धर्मगुरूची मालमत्ता नव्हे. निवेदकाला दिलेला तो शब्द आहे. २०१८ साली केरळमध्ये अन्य एका ख्रिस्ती पंथाच्या काही धर्मगुरूंवर आरोप झाला की, एका स्त्रीच्या पापनिवेदनातील माहिती वापरून त्यांनी तिला धमकावले. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी पापनिवेदनच बंद करावे अशी शिफारस केली. ख्रिस्ती समाजातून तिला विरोध झाला, तो योग्यच होता. परंतु लोकांचा तो संताप मला समजू शकतो. ९८४ व्या कलमातील ती वाक्ये कागदावरची कलाकुसर नव्हेत, हे तेव्हा पुष्कळांना उमगले असेल.

म्हणूनच चित्रपटात मला सर्वांत अधिक उणे वाटते ते एका कापलेल्या दृश्याचे. केलर जाळीआड गुडघे टेकतो, 'मी व्हिलेटचा खून केला' असे म्हणतो आणि लोगनच्या थिजलेल्या चेहऱ्यानंतर दृश्य संपते. पुढे लोगन त्याला काय म्हणाला? पापमुक्ती दिली, की पश्चात्ताप नाही असे पाहून राखून ठेवली? रोमच्या पापक्षमा न्यायपीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात म्हटले आहे की, पोलिसांच्या स्वाधीन हो, ही अट पापमुक्तीसाठी घालता येत नाही. परंतु खरा पश्चात्ताप आणि पाप पुन्हा न करण्याचा दृढ निश्चय यांवाचून पापमुक्तीच नाही. या दोन टोकांमध्ये धर्मगुरूला फार मोठी वाट चालायची असते. त्या वाटेवर लोगन किती चालला हे आपल्याला ऐकू आले असते तर पुढचे त्याचे मौन निव्वळ सहनशीलता राहिले नसते. ते एका अपुऱ्या राहिलेल्या संवादाचे ओझे झाले असते. हिचकॉक यांनी, बहुधा आदरापोटी, ते ऐकू दिले नाही. मोहोर त्यांनी स्वतःही पाळली म्हणा ना! पण कथाकार हा धर्मगुरू नसतो. तो निवेदन ऐकवायला बसलेला असतो.

अखेरच्या प्रसंगात मात्र त्यांनी आपल्या साऱ्या चुका भरून काढल्या आहेत. हॉटेलच्या त्या रिकाम्या दालनात कोंडलेल्या केलरला लारू बोलते करतात. लोगनने आपले गुपित फोडले असा केलरचा समज होतो आणि संतापाच्या भरात तो ओरडून त्याला दोष देऊ लागतो. लोगनने काहीच सांगितलेले नाही. स्वतःचे पापनिवेदन शेवटी केलरच साऱ्या पोलिसांसमक्ष करून बसतो. विश्वास ठेवण्याजोगा एकच माणूस त्याला भेटला होता आणि नेमक्या त्याच्यावरच त्याचा विश्वास उरला नाही. लोगन हातात काही न घेता त्याच्याकडे चालत जातो. केलर पिस्तूल उगारतो, पोलीस गोळी झाडतात. खाली कोसळलेल्या केलरच्या ओठांवर क्षमेची याचना येते, लोगन त्याच्याजवळ गुडघे टेकतो, त्याला हाताशी धरतो आणि हलक्या आवाजात पापमुक्तीची प्रार्थना म्हणू लागतो.